मुलांच्या वॉर्डात खेळायला पहिल्यांदा जाताना

मुलांच्या वॉर्डात खेळ घेऊन जायला लागल्याला आता बरीच वर्षं झाली आणि नवीन येणारे लोक सगळ्यात आधी एकच विचारतात, सोबत काय काय न्यायचं? खेळणी कुठली, पुस्तकं कुठली, विदूषकाचं लाल नाक लावायचं का? मला मात्र दरवेळी आधी दुसरंच सांगावंसं वाटतं. हॉस्पिटलमधल्या मुलाला दिवसभरात जवळपास कशालाच नको म्हणता येत नाही, हे डोक्यात पक्कं बसवा आणि मग आत पाय टाका. कधी उठायचं, कधी खायचं, अंगाला कोण हात लावणार, सुई कुठल्या हाताला टोचणार, सगळं दुसरे ठरवतात. त्यातलं बरंचसं टळत नाही, उपचार तर व्हायलाच हवेत. पण खेळ ही एक गोष्ट अशी आहे की त्याला हवा असेल तर खेळायचं आणि नको असेल तर नाही खेळायचं, आणि तुम्ही ते "नको" तोंड न पाडता ऐकलंत तर तुमचं पहिलं काम तिथेच झालं. खाली जे लिहिलंय ते सगळं याच्याच भोवती फिरतं.

थोडं मागचं सांगते, कारण आज आई मुलाच्या पलंगाजवळ रात्रभर बसलेली दिसते ते सगळीकडे पहिल्यापासून तसं नव्हतं. १९५० च्या आसपास इंग्लंडमधल्या कित्येक हॉस्पिटलांत आईवडिलांना आठवड्यातून जेमतेम काही तास भेटू द्यायचे, कारण काय तर आई आली की मूल रडतं आणि नाही आली की शांत पडून राहतं. आईपासून दुरावलेल्या मुलांचा अभ्यास करणाऱ्या जेम्स रॉबर्टसन यांनी एका दोन वर्षांच्या मुलीचं हॉस्पिटलमधलं आठ दिवसांचं राहणं चित्रित केलं आणि १९५२ च्या त्या चित्रपटातून त्या शांतपणाच्या आत काय चाललेलं असतं ते लोकांसमोर आणलं. आधी मूल आक्रोश करतं, मग खचतं, आणि मग आई आली तरी तोंड फिरवतं. पुढे तिथल्या सरकारच्या १९५९ च्या प्लॅट अहवालाने आईवडिलांना कधीही भेटू द्या, लहान मुलांच्या आईला राहू द्या असं स्पष्ट सांगितलं. तिकडे अमेरिकेत क्लीव्हलंडला एमा प्लँक यांनी १९५५ मध्ये हॉस्पिटलमध्ये मुलांसाठी खेळ आणि शाळा यांचा रीतसर कार्यक्रम सुरू केला, आज ज्याला चाइल्ड लाइफ म्हणतात त्याच्या सुरुवातीच्या कामांपैकी ते एक. आणि १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातलं ३१ वं कलम खेळण्याच्या हक्काचं आहे, त्यात आजारी मुलं वगळलेली नाहीत. हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की वॉर्डात रडणारं मूल लगेच दिसतं, पण कोपऱ्यात गप्प पडलेल्या मुलाला "किती शहाणं आहे" म्हणून सोडून पुढे जाऊ नका, त्याच्याकडे आधी जा.

पायरी १: जाण्याआधी

स्वतःहून खेळणी घेऊन वॉर्डात शिरायचं नाही, हॉस्पिटलच्या परवानगीने आणि त्यांचं ट्रेनिंग घेऊनच जायचं. ते तुमची ओळखपत्रं तपासतील, पूर्वीची माहिती विचारतील, मुलासोबत बंद दाराआड एकटं बसायचं नाही असं सांगतील. याचा राग मानायचा नाही, ते मुलांच्या सुरक्षिततेसाठी आहे आणि ज्या ठिकाणी हे विचारत नाहीत तिथे तुम्हीच विचारा की का विचारत नाही. कांजिण्या आणि गोवर तुम्हाला होऊन गेलेत का किंवा लस झालीये का हेही बघतात, कारण केमोथेरपी चालू असलेल्या मुलाला कांजिण्या होणं जिवावर बेतू शकतं. त्याच कारणाने सर्दी असेल, घसा खवखवत असेल, पोट बिघडलं असेल तर त्या दिवशी घरीच. "थोडंसंच आहे" म्हणून जाणारे लोक मी पाहिलेत आणि मला ते खरंच सहन होत नाही.

वेळेचं पण ठरवून घ्या. वर्षातून एकदा मोठ्या भेटवस्तू घेऊन येणाऱ्या दहा जणांपेक्षा दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी दीड-दोन तास येणारी एक व्यक्ती मुलांना जास्त उपयोगी पडते. बरेच दिवस ॲडमिट असलेल्या मुलाला वार कळेनासे होतात, मग तुमच्या येण्याने त्याला कळतं की आज अमुक वार.

पायरी २: पिशवीत काय

जे धुता किंवा पुसता येतं तेच न्यायचं. प्लास्टिकचे ठोकळे, प्लास्टिकचे पत्ते, गुळगुळीत पानांची पुस्तकं, हातमोज्याच्या बाहुल्यांपेक्षा पुसता येतील अशा बाहुल्या. कापडी मऊ खेळणी एका मुलाकडून दुसऱ्याकडे फिरवायची नाहीत, द्यायचं तर नवीन कोरं द्यायचं आणि ते त्याचंच. मळायच्या मातीचंही तेच, एकाच डब्यातून पाच जणांना नाही. रंग आणि कागद मी छोट्या पाकिटात सुटे करून नेते, ज्याचं त्याला देऊन टाकायला बरे पडतात, विशेषतः वेगळ्या खोलीत ठेवलेल्या मुलांना, कारण तिथे आत गेलेली वस्तू सहसा बाहेर आणायची नसते.

तीन वर्षांखालच्या मुलांसाठी एक सोपी कसोटी: टिश्यू पेपरचा रोल संपला की आतली जी पुठ्ठ्याची नळी उरते तिच्यातून जी वस्तू आत जाते ती घशात अडकू शकते, म्हणून ती नको. बटण सेल आणि छोटे लोहचुंबक असलेली खेळणी कुठल्याच वयाला नकोत, गिळली तर आतून जखमा होतात. रबरी फुगे पण घरीच ठेवा. फुटलेला तुकडा घशात बसतो आणि शिवाय काही मुलांना लॅटेक्सची ॲलर्जी असते, पाठीच्या कण्याच्या जन्मजात दोषामुळे ज्यांची वारंवार ऑपरेशनं झालीत त्यांच्यात तर जास्तच. साबणाचे फुगे मात्र भरपूर न्या, पण उडवायच्या आधी वॉर्डात विचारून, कारण फरशी निसरडी होते आणि काही खोल्यांत चालत नाहीत.

सेंट, अत्तर लावून जाऊ नका. केमोमुळे मळमळणाऱ्या मुलाला वास अजिबात सहन होत नाही. नखं कापलेली, कोपरापासून खाली अंगठी घड्याळ काही नको.

पायरी ३: आधी सिस्टर, मग मूल

वॉर्डात गेल्यावर थेट पलंगाकडे जायचं नाही. सिस्टरना विचारायचं, आज कोणाशी खेळू शकते, कोणाच्या खोलीत मास्क-गाऊन लागेल, ऑपरेशनसाठी कोणाला उपाशी ठेवलंय, कोणाची रात्र वाईट गेलीये. उपाशीचं मुद्दाम लक्षात ठेवा, कारण अशा मुलाने तुमच्याकडे घोटभर पाणी मागितलं आणि तुम्ही दया येऊन दिलं तर त्याचं ऑपरेशन पुढे ढकलावं लागू शकतं, म्हणजे परत एकदा उपास आणि परत एकदा ती भीती. सोपा नियम म्हणजे खायला-प्यायला तुम्ही कोणालाच काही द्यायचं नाही, विचारल्याशिवाय नाहीच.

हात प्रत्येक मुलाआधी आणि प्रत्येक मुलानंतर. सॅनिटायझर असेल तर २० ते ३० सेकंद, साबणपाणी असेल तर ४० ते ६० सेकंद. जुलाब होत असलेल्या मुलाकडून आलात तर साबणपाणीच, काही जंतूंवर सॅनिटायझर चालत नाही. मी हे मुलासमोरच करते, त्यालाही चोळून दाखवायला सांगते, त्यात पण खेळ होतो.

पायरी ४: दारात

ही पायरी लोकांना अगदी छोटी वाटते, मला विचाराल तर सगळ्यात मोठी हीच.

दार उघडं असलं तरी टकटक करा. पडदा असेल तर बाहेर थांबून नाव सांगा. मुलाला विचारा, आईला नाही, "मी आत येऊ का?" आणि उत्तराची वाट बघा. कित्येक मुलं दचकतात, कारण त्या खोलीत येणाऱ्या माणसाने हे याआधी कधी विचारलेलंच नसतं. आत गेल्यावर खाली बसा, म्हणजे तुमचे डोळे त्याच्या डोळ्यांच्या उंचीला येतील, पलंगावर मात्र बसायचं नाही, पलंग त्याचा आहे. "काय झालंय तुला?" हा प्रश्न टाळा, दिवसातून दहा वेळा त्याचं उत्तर देऊन झालेलं असतं. त्यापेक्षा उशीवरचं चित्र, टेबलावरची गाडी, प्लास्टरवर कोणी काय लिहिलंय, याबद्दल बोला.

पर्याय द्यायचा तर खरा द्या. "खेळूया ना?" यात पर्याय नाहीये, त्यात हो दडलेलंच आहे. "मी पत्ते आणलेत आणि चित्राचे कागद आणलेत, किंवा आज काहीच नको असेल तर मी निघते, पुढच्या आठवड्यात परत विचारीन" असं म्हटलं की त्याला खरंच ठरवता येतं. मधला पर्याय पण ठेवा, मी इथे खुर्चीत बसून एकटीच काहीतरी करत बसते, तू नुसतं बघितलंस तरी चालेल. थकलेली मुलं बऱ्याचदा हेच निवडतात.

एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा होता, तो मला सलग चार आठवडे "नको" म्हणून परत पाठवत होता. मी बरं म्हणायचे, पुढच्या वेळी परत विचारते म्हणायचे आणि जायचे. मला वाटलं याला मी आवडत नाही, आता त्रास देऊ नये. तर त्याची आई बाहेर येऊन म्हणाली, ताई प्लीज येत राहा, तुम्ही येणार त्या दिवशी तो सकाळपासून वाट बघतो, तुम्हाला नको म्हणायचंय म्हणून. पाचव्या आठवड्यात आम्ही पत्ते खेळलो, पण मी खरं सांगते, आधीचे चार आठवडे पण खेळच चालू होता आणि तो जिंकत होता.

पायरी ५: वयाप्रमाणे

अगदी तान्ह्या बाळांना ओळखीचा आवाज, गाणं, हळू डोलवणं आणि चेहरा दिसणं पुरे असतं, आणि ते आईबाबांनी करणं तुमच्यापेक्षा हजारपट चांगलं, तुम्ही फक्त त्यांना सांगा की वायर असल्या तरी सिस्टरना विचारून हात धरता येतो, बोलता येतं. सहा महिने ते तीन वर्षं या वयात मुख्य भीती आईबाबा दिसेनासे होण्याची, म्हणून कपड्याआड लपून भॉक करणं, डब्यात वस्तू लपवून परत काढणं हे खेळ नुसती करमणूक नाहीत, गेलेलं परत येतं हे मूल त्यातून घोकत असतं.

तीन ते सहा या वयाबद्दल जरा थांबून सांगते. या वयाच्या मुलांना वाटतं की आपल्या मनात आलं म्हणून जगात गोष्टी घडतात. त्यामुळे मी भावाला मारलं, मी आईचं ऐकलं नाही, म्हणून मला हा आजार झाला, अशी पक्की समजूत कित्येकांची असते आणि ती कोणाला सांगत नाहीत. त्यात घरचेच सहज म्हणून जातात, "मस्ती केलीस तर सिस्टर सुई देईल". हे वाक्य ऐकलं की मला कळवळून येतं. सुई शिक्षा होऊन बसते, सिस्टर शत्रू होते, आणि पुढचा प्रत्येक उपचार मुलाला आपली चूक वाटतो. बाहुलीशी खेळताना मूल म्हणालं की "ही वाईट मुलगी आहे म्हणून ॲडमिट केलंय" तर बाहुलीलाच उत्तर द्या, "नाही गं, तुझ्या मनात आलं किंवा तू काही केलंस म्हणून कोणी आजारी पडत नाही." एकदा सांगून भागत नाही, दर खेपेला सांगावं लागतं.

सहा-सातच्या पुढे मुलांना शरीर कसं चालतं याची खरी उत्सुकता असते, चित्रं, कोडी, नियमांचे खेळ, स्पर्धा सगळं चालतं. किशोरवयीन मुलांकडे विदूषकी हावभाव करत जाऊ नका, त्यांना लहान समजलेलं आवडत नाही. त्यांना आपली खोली, आपला फोन, आपले मित्र, आणि कपडे बदलताना पडदा नीट लावलेला, हे जास्त महत्त्वाचं. मी त्यांना सरळ विचारते, मला काहीतरी शिकव. फोनवरचा गेम शिकवताना ते अर्धा तास बोलतात आणि त्यात आजाराचं पण येऊन जातं.

पायरी ६: दवाखाना-दवाखाना

सगळ्या खेळांत मला हा सगळ्यात मोलाचा वाटतो. एक साधी नवीन कापडी बाहुली, चेहरा नसलेली, म्हणजे मूल स्वतः चेहरा काढेल आणि ती त्याचीच राहील, आणि खऱ्या वस्तू: सुई काढलेली सिरिंज, पट्टी, चिकटपट्टी, मास्क, स्टेथोस्कोप, सलाईनची नळी. वस्तू हॉस्पिटलकडूनच घ्यायच्या, न वापरलेल्या, आणि खेळ झाला की मोजून परत. मग बाजूला बसायचं. डॉक्टर मूल होणार, तुम्ही बाहुलीचा हात धरणार. बरीच मुलं पहिल्या दिवशी बाहुलीला पंधरा-वीस इंजेक्शनं देतात, दणादण, आणि नवीन लोक घाबरून "अरे हळू, तिला दुखेल" म्हणतात. म्हणू नका. आजवर त्याला टोचलंय, आज टोचायची पाळी त्याची आहे. तुम्ही नुसतं बोला, "बापरे, खूप टोचतायत हिला, हिला काय वाटत असेल?" उत्तर बाहुलीचं येतं पण ऐकू मुलाचं येतं. बाहुलीला कोणी बरं केलं, शेवटी मिठी मारली का, की तशीच टाकून दिली, हे लक्षात ठेवून ट्रेनिंग देणाऱ्या व्यक्तीला सांगा, स्वतः निदान करत बसू नका. सिरिंजमध्ये पातळ रंग भरून कागदावर पिचकारी मारणं हा पण भारी खेळ आहे, ज्या वस्तूची भीती तीच हातात येते.

शब्दांच्या बाबतीत खूप सांभाळा. मोठ्यांचे नेहमीचे शब्द मुलांच्या कानात वेगळेच पडतात. "भूल देणार" म्हटलं की काही मुलांना वाटतं आपल्याला भुलवणार, फसवणार. "ऑपरेशन थिएटर" म्हणजे तिथे सिनेमा असेल असं समजून खूश झालेली मुलगी मी पाहिलीये, आणि दार उघडल्यावर तिचा चेहरा काय झाला असेल तुम्हीच विचार करा. "कॅट स्कॅन" (म्हणजे सीटी स्कॅन) म्हटलं की त्यात मांजर शोधतात असं वाटतं. "रक्त काढणार" म्हणजे सगळं काढणार असं वाटतं, म्हणून "एक-दोन चमचे रक्त तपासायला घेणार, तुझ्या अंगात ते खूप आहे आणि नवीन बनत राहतं" असं म्हणावं, वीस किलोच्या मुलाच्या अंगात साधारण दीड लिटर रक्त असतं. सलाईन लावलेल्या हाताबद्दल तर जवळपास प्रत्येक मुलाला वाटतं की आत सुई राहिलीये, हात हलवला तर अजून टोचेल, आणि ते तासन्‌तास हात ताठ धरून बसतात. खरं म्हणजे सुई टोचून लगेच बाहेर काढतात, आत राहते ती मऊ प्लास्टिकची बारीक नळी. न वापरलेली तशी नळी सिस्टरनी हातात देऊन वाकवून दाखवली की मुलाचा खांदा अक्षरशः खाली येतो.

"झोपवणार" पण अर्धवट सोडू नका, नाहीतर मूल रात्री झोपायलाच घाबरतं किंवा मध्येच जाग आली तर काय असं वाटतं. औषधाने आलेली ही वेगळी झोप असते, एक डॉक्टर पूर्ण वेळ फक्त त्यासाठीच तिथे असतो, आणि काम संपलं की औषध थांबवून जाग येऊ देतात, असं सांगता येतं. एमआरआयसाठी स्टॅच्यू खेळा, तोंडाने जोरजोरात ठकठक आवाज करायचा आणि कोण हलत नाही ते बघायचं, कारण खरं मशीन खूप आवाज करतं आणि आत न हलता पडावं लागतं. पण हे समजावून सांगणं नवीन माणसाने आपल्या मनाने करायचं नाही, उद्या काय होणार आहे हे डॉक्टर किंवा सिस्टर सांगतील, त्यांनी सांगितलेलं खेळातून परत परत घोटवणं हे तुमचं.

पायरी ७: सुईच्या वेळी

पहिले काही महिने फक्त बघा. नंतर कोणी बोलावलं तर खालचं लक्षात ठेवा.

"काही दुखणार नाही", "मुंगी चावल्यासारखं" हे बोलायचं नाही. दुखलं तर तुम्ही खोटारडे ठरता आणि पुढच्या वेळी मूल कोणाचंच ऐकत नाही. "टोचेल, थोडा वेळ, तू मोठ्याने ओरडलास तरी चालेल, फक्त हात हलवायचा नाही" हे चालतं. मुलाला उताणं पाडून चौघांनी दाबून धरण्यापेक्षा आईच्या मांडीवर, छातीला छाती लावून मिठीत बसवलं आणि एक हात बाजूला काढून धरला तर कितीतरी मुलं कमी घाबरतात, हे जमेल का ते सिस्टरना आधी विचारता येतं. सुन्न करणारं क्रीम असेल तर ते साधारण तासभर आधी लावावं लागतं, म्हणून आईबाबांना वेळेवर विचारायला सांगा. खोलीत बोलणारा आवाज एकच हवा. पाच जण एकदम "इकडे बघ, इकडे बघ" करतात त्याने मूल अजून बिथरतं.

लक्ष वळवणं हा नुसता लोकांचा समज नाहीये, सुईच्या वेदनेवरच्या अभ्यासांचे जे मोठे एकत्रित आढावे झालेत त्यातही याने दुखणं कमी जाणवतं असं दिसलंय. साबणाचे फुगे यात फार छान, कारण मोठा फुगा करायला हळूहळू लांब श्वास सोडावा लागतो आणि तोच श्वास अंग सैल करतो. शोधा-शोध चित्रांचं पुस्तक, मोजणं, गाणं, काहीही. काही मुलांना मात्र बघायचंच असतं, सुई जाताना डोळे उघडे ठेवायचे असतात, त्यांचं तोंड जबरदस्ती फिरवू नका. आधी विचारून ठेवायचं, तू बघणार की फुगे उडवणार? सिस्टरना चालत असेल तर कुठला हात, तीनपर्यंत मोजून टोचायचं की पाचपर्यंत, पट्टी कुठल्या रंगाची, हे पण त्याने ठरवायचं. जे ठरवता येणार नाही ते मात्र विचारायचं नाही. "सुई घेऊया का?" असं विचारून तो नाही म्हणाल्यावर तरी देणं, याच्याइतकं वाईट दुसरं काही नाही.

झाल्यावर "शूर मुलं रडत नाहीत" नाही. "तू हात एकदम स्थिर ठेवलास" हे सांगा, जे त्याने खरंच केलं ते. आणि हे सगळं शक्यतो पलंगावर नको, उपचाराच्या वेगळ्या खोलीत, खेळायच्या खोलीत तर कधीच नको. खेळायच्या खोलीत कोणी तपासायला आलं तर मी नम्रपणे विनंती करते की बाहेर घेऊन जा. एक तरी जागा अशी हवी की जिथे आपल्याला काही होणार नाही हे मुलाला माहीत आहे.

विदूषक, गाणी, चित्रं

इथे थोडक्यात. रीतसर हॉस्पिटल क्लाउन ही गोष्ट १९८६ साली न्यूयॉर्कमध्ये मायकल क्रिस्टनसन यांनी सुरू केली आणि नंतर बऱ्याच देशांत पसरली. हे लोक महिनोन्‌महिने शिकतात, बहुतेक ठिकाणी जोडीने जातात, आणि त्यांची खरी युक्ती अशी की विदूषक खोलीतला सगळ्यात अडाणी माणूस होतो आणि मूल त्याला शिकवतं. नुसतं लाल नाक लावून येत नाही ते. काही मुलं विदूषकाला घाबरतात, मग दारातूनच परत. संगीत आणि चित्रांच्या थेरपीचंही शिक्षण असतं, ते न घेता आपण जे करतो त्याला खेळ म्हणा, थेरपी म्हणू नका, आणि मुलाने काळा सूर्य काढला म्हणून अर्थ लावत बसू नका, कदाचित पिवळा खडू हरवला असेल. "मला सांग ना या चित्रात काय आहे" एवढं पुरे. कुत्रा वगैरे प्राणी फक्त हॉस्पिटलने स्वतः आणलेले.

आईबाबा आणि भावंडं

तुम्ही आल्यावर आईला अर्धा तास मिळतो, तोंड धुवायला, रडायला, फोनवर बोलायला. जाताना मात्र तिने मुलाला सांगूनच जायचं, झोपल्यावर गुपचूप निघून जायचं नाही, हे समजावा. रडेल पण विश्वास राहील. घरी राहिलेल्या भावाबहिणीला कोणी विचारत नाही, त्यांच्यासाठी चित्र काढून पाठवणं, त्यांचा आवाज रेकॉर्ड करून ऐकवणं हे मुलांना आवडतं. आईबाबा आजाराबद्दल तुमचं मत विचारतील, देऊ नका, दुसऱ्या कोणाचं उदाहरण तर मुळीच नाही. मुलाचा फोटो काढायचा नाही, नाव-आजार बाहेर कुठे सांगायचं नाही.

अवघड प्रश्न

कधीतरी पत्ते पिसताना मूल विचारेल, "मी मरणार आहे का?" हा प्रश्न बहुतेक वेळा घरच्यांना विचारत नाहीत, त्यांना वाईट वाटेल म्हणून, आणि तुम्ही परके म्हणून तुम्हाला विचारतात. "काहीतरीच काय" म्हणून उडवून लावलंत तर ते परत कधी विचारणार नाही. खोटं "नाही" पण नको, तुम्हाला माहीत नाहीये, आणि मूल ते ओळखतं. पत्ते खाली ठेवा. "हे तुझ्या मनात कधीपासून आहे?" विचारा आणि गप्प बसा. कधी कळतं की शेजारचा पलंग रिकामा झालाय म्हणून विचारतंय, कधी नुसतं उद्या काय होणार एवढंच विचारायचं असतं. मग सांगा, "याचं उत्तर मला माहीत नाही, पण तू विचारलंस ते खूप चांगलं केलंस, आपण हे कोणाला विचारूया? आई, डॉक्टर, सिस्टर?" त्याने सांगितलेल्या माणसाला त्याच दिवशी सांगायचं, आणि सिस्टरना तर सांगायचंच. हे आपल्यातलं गुपित असं वचन कधीच देऊ नका. आणि त्याला परत पत्ते खेळायचे असतील तर लगेच खेळा, मुलं पाच मिनिटं मरणाबद्दल बोलतात आणि सहाव्या मिनिटाला तुमची चिटिंग पकडतात. ज्या मुलांचं बरं होणं शक्य नाही त्यांनाही शेवटच्या दिवसांपर्यंत खेळ हवा असतो, हात हलत नसेल तर नजरेने, नजर थकली तर नुसतं ऐकून.

निघताना

एकदम उठून जाऊ नका. दहा मिनिटं आधी सांगा, मग "शेवटचे दोन डाव". हरलं-जिंकलं बघायला वेळ ठेवा. "उद्या येते" तेव्हाच म्हणा जेव्हा खरंच येणार असाल. डिस्चार्ज होतो, वॉर्ड बदलतो, आणि कधी मूल जातं, म्हणून मी प्रत्येक भेट पूर्ण करूनच निघते, "आज मजा आली, तू मला तीनदा हरवलंस" हे बोलून. कुठलं मूल आज नेहमीपेक्षा गप्प होतं, कोणाला दुखत होतं पण तो सांगत नव्हता, हे सिस्टरना सांगा. चेहऱ्यांची वेदनापट्टी (किती दुखतंय ते हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांपैकी एक निवडून सांगायची पट्टी) दाखवली की काही मुलं सिस्टरना खूश करायला हसरा चेहरा दाखवतात आणि खेळताना मात्र पोट धरून बसलेली असतात, ते तुम्हालाच दिसलेलं असतं.

खेळणी पुसायची, मोजायची, सिरिंज परत द्यायच्या. सोबत आलेल्या माणसाशी दहा मिनिटं बोलल्याशिवाय घरी जाऊ नका, मनात काय साठलंय ते तिथेच बोलून टाका. एखादं मूल गेल्यावर दोन आठवडे येऊ नये वाटलं तर सांगून सुट्टी घ्या, त्यात काही गैर नाही, फक्त ज्या मुलांना तुमचा वार माहीत आहे त्यांना कोणीतरी जाऊन सांगेल अशी सोय करा, "ताई या वेळी येणार नाही, पुढच्या महिन्यात येईल". आणि मग हात धुवा, पूर्ण चाळीस सेकंद.